सदस्यांसाठीची पॉडकास्ट फीड: लिंक कुठे टाकायची, कुणाला द्यायची आणि बोगद्यात काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: मी राजापूर तालुक्यात शिक्षिका आहे. पनवेलला राहणाऱ्या मुलीने वाढदिवसाला एका मराठी पॉडकास्टचं सशुल्क सदस्यत्व घेऊन दिलं. ईमेलमधली लिंक दाबली की इंग्रजी अक्षरांचं भेंडोळं उघडतं. अ‍ॅपमध्ये नाव शोधलं तर फुकटचेच भाग दिसतात. गणपतीत मुलीने अ‍ॅपमध्ये बसवून दिलं होतं, तेव्हा चाललं. पुढे नवे भाग यायचे थांबले. शिवाय रेल्वेत ऐकायला घेतलं की सारखं अडकतं. ही लिंक सासूबाईंच्या फोनवर आणि आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली तर चालेल का?

उत्तर:

ताई, ही लिंक दाबायची नसते, कॉपी करून अ‍ॅपच्या आत पेस्ट करायची असते. निम्मा घोळ तिथेच होतो. पॉडकास्ट करणाऱ्या काही मंडळींच्या सदस्यांचा पत्रव्यवहार मी रत्नागिरीतून सांभाळते, आणि तुमच्यासारखी विचारणा नेहमीच येते. त्यामुळे तुम्ही विचारलंय त्याच्या थोडं पुढे जाऊनही सांगते.

लिंक दाबल्यावर जे भेंडोळं उघडलं, ते बिघडलेलं पान नव्हतं. नीट बघितलंत तर कंसांच्या गर्दीत मधूनच कार्यक्रमाचं नाव, भागांची शीर्षकं, तारखा ओळखू येतील. याला आरएसएस फीड म्हणतात. ही एक साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक भागामागे तिच्यात एक नोंद: शीर्षक, दोन ओळींचं वर्णन, तारीख आणि ‘एन्क्लोजर’ नावाची एक ओळ. त्या ओळीत ऑडिओ फाइलचा पत्ता, तिचा आकार आणि प्रकार लिहिलेला असतो. अ‍ॅप ठरावीक वेळाने ही फाइल पुन्हा वाचतं, नवी नोंद दिसली की तुमच्यापुढे नवा भाग ठेवतं. पॉडकास्टचं यंत्र एवढंच आहे. निवेदक अ‍ॅडम करी यांच्याशी झालेल्या चर्चेतून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस आरएसएसमध्ये एन्क्लोजरची सोय घातली आणि अ‍ॅपलने जून २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले. तेव्हापासून आतापर्यंत वरचा साज कितीही बदलला तरी आत हीच फाइल आहे.

आता अडचण अशी की या फाइलला कुलूपच नाही. ती मुळात कुणीही वाचावी म्हणूनच केलेली. मग पैसे भरणाऱ्यांपुरते भाग द्यायचे कसे? एक जुना मार्ग म्हणजे फीडला नाव आणि पासवर्ड लावणं. तो अजूनही आहे, पण पुष्कळ अ‍ॅपना तो नीट झेपत नाही. म्हणून कार्यक्रमवाल्यांसाठी सदस्यत्व सांभाळणाऱ्या बहुतेक सेवांनी दुसरा मार्ग धरला: प्रत्येक सदस्याला वेगळी लिंक, आणि तिच्या पोटात अंदाजाने कुणाला सुचणार नाही अशी अक्षरा-आकड्यांची लांबलचक माळ. अ‍ॅपने ती लिंक मागितली की सर्व्हर माळ बघतो, कोणत्या सदस्याची ते ओळखतो, पैसे भरलेले असले तर फाइल देतो. वेगळा पासवर्ड कुणी विचारत नाही. लिंक ज्याच्या हाती, तो सर्व्हरच्या लेखी तुम्हीच. तुमच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

शोधून का सापडत नाही, तेही यातूनच. अ‍ॅपमधला शोध चालतो तो पॉडकास्टच्या सार्वजनिक याद्यांवर: अ‍ॅपलची यादी, २०२० साली सुरू झालेला पॉडकास्ट इंडेक्स वगैरे. तुमची फीड फक्त तुमच्यासाठी बनलेली, तिथे तिने असूच नये. उलट, खासगी फीडमध्ये ‘आम्हाला यादीत घेऊ नका’ अशी खूणही घालून ठेवतात. त्यामुळे नाव टाकून शोधत बसलात तर जन्मभर फुकटचेच भाग दिसतील.

लिंक कुठे टाकायची ते अ‍ॅपवर अवलंबून आहे. तुमचा फोन अँड्रॉइड आहे असं धरून चालते. अँड्रॉइडवर मी अँटेनापॉड सांगते. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि फीड तुमच्या फोनवरूनच थेट वाचली जाते, मध्ये कुणाचा सर्व्हर नाही. त्यात ‘अ‍ॅड पॉडकास्ट’मध्ये जायचं, ‘आरएसएस अ‍ॅड्रेस’ने जोडायचा पर्याय निवडायचा, लिंक पेस्ट करायची, कार्यक्रमाचं चित्र दिसलं की ‘सबस्क्राइब’. नाव-पासवर्डवाली फीड असेल तर तेही हे अ‍ॅप विचारून घेतं. पॉकेट कास्ट्स वापरत असाल तर शोधाच्या चौकटीत नावाऐवजी ही लिंकच पेस्ट करायची. मुलीकडे आयफोन असेल तर अ‍ॅपलच्या पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये लायब्ररीत, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत, ‘फॉलो अ शो बाय यूआरएल’ सापडेल. आयफोनवरच्याच ओव्हरकास्ट अ‍ॅपमध्ये अधिकच्या चिन्हामागे ‘अ‍ॅड यूआरएल’ आहे.

स्पॉटिफायमध्ये मात्र लिंक पेस्ट करायची सोयच नाही. काही सदस्यत्व-सेवांनी स्पॉटिफायशी करार केलेले असतात, तिथे तुमचं सदस्यत्वाचं खातं आणि स्पॉटिफायचं खातं एकमेकांना जोडून द्यावं लागतं. मग ते भाग तिथे दिसतात. तशी सोय कार्यक्रमवाल्यांनी दिली असेल तर सदस्यांच्या पानावर बटण असेल. नसेल तर स्पॉटिफायशी झटापट करू नका, दुसरं अ‍ॅप घ्या. गूगलचं पॉडकास्ट अ‍ॅप २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा जुन्या कुठल्या माहितीपत्रकात त्याचं नाव असेल तर ते सोडून द्या.

आणखी एक फरक, कारण यात लोक फसतात. अ‍ॅपलच्या अ‍ॅपमधूनच सशुल्क वर्गणी घ्यायची एक वेगळी सोय जून २०२१ पासून आहे. ती घेतली तर लिंकबिंक काही मिळत नाही, आणि ते भाग अ‍ॅपलच्याच अ‍ॅपमध्ये ऐकावे लागतात. घरात एकाचा आयफोन आणि बाकीच्यांचे अँड्रॉइड असतील तर कार्यक्रमवाल्यांकडून थेट सदस्यत्व घेतलेलं बरं. तुमच्या मुलीने थेट घेतलंय, ठीक केलंय.

आता कॉपी करण्याबद्दल, कारण ‘पेस्ट केली तरी चालत नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त येते. लिंक हाताने टाइप करू नका; मोठी-लहान इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात आणि शून्य की ओ, हे डोळ्यांना कळत नाही. ईमेलमध्ये लिंक दोन ओळींत मोडली असेल तर बोटाने निवडताना दुसरी ओळ राहून जाते. त्यापेक्षा लिंकवर बोट दाबून धरा आणि ‘कॉपी लिंक’ म्हणा. मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते तेव्हा वाक्याच्या ओघात पाठवते: ‘आई ही घे लिंक’, मग लिंक, आणि तिला चिकटून पूर्णविराम. तो पूर्णविराम किंवा कंस लिंकसोबत कॉपी झाला की सर्व्हरला ती माळ अनोळखी, आणि अ‍ॅप म्हणतं फीड सापडली नाही. पेस्ट केल्यावर बोटाने शेवटापर्यंत सरकत जा आणि शेवटचं अक्षर ईमेलमधल्याशी ताडून पाहा. तेवढ्याने पुष्कळांचं काम होतं.

बऱ्याच सेवा सदस्यांच्या पानावर अ‍ॅपची चिन्हं देतात. आपल्या अ‍ॅपचं चिन्ह दाबलं की फीड आपोआप आत जाऊन बसते, कॉपीची कटकट नाही. पण हे ज्या फोनवर ऐकायचं त्याच फोनवर करायचं. शाळेतल्या संगणकावर करून उपयोग नाही.

बसवून झालं की अ‍ॅपमध्ये एकाच चित्राचे दोन कार्यक्रम दिसतील: एक पूर्वीचा मोफत, एक सदस्यांचा. मोफत काढून टाका, नाहीतर तोच भाग दोनदा येईल. काढण्याआधी मोफत फीडमध्ये अर्धवट राहिलेले भाग संपवून घ्या, कारण कुठपर्यंत ऐकलं ती खूण एका फीडमधून दुसरीत जात नाही. सदस्यांच्या भागात बहुधा जाहिराती नसतात, त्यामुळे मिनिटांचा हिशेबही जुळत नाही. मैत्रिणीने ‘बाविसाव्या मिनिटाला ऐक’ सांगितलं तर तुमच्याकडे ते जरा आधीच येईल.

आता नवे भाग यायचे का थांबले. गणपतीत चालत होतं म्हणता, म्हणजे लिंक बरोबर होती. फोन नीट आहे, अ‍ॅप नीट आहे, आणि फीड अचानक मुकी झाली, तर माझा पहिला संशय पैशांवर जातो. सदस्यत्व दरमहा कार्डावरून कापलं जाणारं असेल आणि एक हप्ता अडला, तर सेवा ती माळ बंद करते. अ‍ॅपला त्याचं कारण कळत नाही. ते आपलं ‘४०३’ किंवा ‘४०१’ असा आकडा दाखवतं किंवा गप्प बसतं. काही सेवा सभ्य असतात, फीडमध्ये ‘आपलं सदस्यत्व संपलं आहे’ असा एक छोटा भाग टाकतात.

हप्ता अडतो का? आपल्याकडे कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. पहिल्यांदा तुम्ही ओटीपी देऊन मंजुरी नोंदवायची, मग प्रत्येक कपातीच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं. विना-ओटीपी कपातीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. पॉडकास्टची वर्गणी या रकमांच्या आसपासही नसते, तेव्हा अडतं ते रकमेवरून नाही. सेवा परदेशी असते, पैसे डॉलरमध्ये मागते, आणि तिची मंजुरी आपल्या बँकेकडे या नियमांप्रमाणे नोंदलेलीच नसते. पहिला हप्ता ओटीपीने जातो, सगळे खूश. दुसऱ्याला बँक नकार देते. गणपतीला सुरू आणि पुढे बंद, हे वेळापत्रक याच्याशी तंतोतंत जुळतं. दुसरं कारण: मार्च २०२० नंतर दिलेल्या नव्या कार्डांवर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून आपण चालू करायचे असतात. मुलीचं कार्ड मध्यंतरी बदलून आलं असेल तर हेही बघायला सांगा.

मुलीने स्वतःच्या ईमेलवरून पैसे भरले आणि तुम्ही आता तुमच्या ईमेलने लॉगइन करून बघताय, असंही असू शकतं. त्या खात्यात सदस्यत्व दिसणारच नाही. भेट म्हणून घेतलेल्या सदस्यत्वात हा गुंता हमखास. आधी मुलीला विचारा: पैसे कोणत्या ईमेलवरून गेले, आणि त्या खात्यात ‘चालू’ दिसतंय की ‘हप्ता अडला’? हप्ता अडला असेल तर त्याच खात्यातून पुन्हा भरा. नवं खातं काढून नवं सदस्यत्व घेऊ नका. जुनीच माळ पुन्हा जिवंत होते आणि फोनवर काही हलवावं लागत नाही. कार्यक्रमवाल्यांनी भारतातल्या पेमेंट सेवेतून, रुपयांत, यूपीआय ऑटोपेने वर्गणी द्यायची सोय ठेवली असेल तर ती घ्या. नसेल तर वर्षाची वर्गणी एकदम भरा. दर महिन्याला बँकेशी पंगा घेण्यापेक्षा वर्षातून एकदा ओटीपी देणं परवडतं, आणि बहुतेक ठिकाणी वर्षाला थोडी सूटही असते.

पैसे व्यवस्थित जात असतील तरच फोनकडे वळा. भाग आलेत पण आपोआप उतरत नाहीत, तर तो वेगळा आजार. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप झोपवतात; सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपपुरतं ते बंद करा. अँटेनापॉडमध्ये ‘चार्जिंगला नसताना उतरवायचं की नाही’ असाही पर्याय आहे. तो बंद असेल, आणि आपल्याकडे पावसात रात्री वीज गेली, तर फोन चार्जिंगला लावलेला असून नसल्यासारखा. राउटरही बंद. सकाळी बघावं तर काही उतरलेलं नाही. जून ते सप्टेंबर मी आपोआपवर विसंबून राहत नाही. वीज असेल तेव्हा स्वतः उतरवून ठेवते.

आता रेल्वे. राजापूर रोडवरून पनवेलकडे निघालात की रत्नागिरी सोडल्यावर भोके आणि उक्षीच्या मध्ये करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. कोकण रेल्वेवर असे लहानमोठे ९० हून जास्त बोगदे आहेत. बोगद्यात सिग्नल तुटतो, बाहेर आल्यावर फोन टॉवर शोधत बसतो, तोवर पुढचा बोगदा. थेट ऐकताना अ‍ॅप थोडा भाग पुढे साठवून ठेवतं, पण करबुडेपुढे तो पुरत नाही. घाटात गाडीने जातानाही तेच. यावर सेटिंग काही नाही, निघण्याआधी भाग उतरवून घ्यायचे. बोलण्याचा कार्यक्रम १२८ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटवर, असेल तर मिनिटाला साधारण एक एमबी, तासाच्या भागाला ५८ एमबीच्या आसपास. ६४ केबीपीएसवर असेल तर २९. पनवेलपर्यंतच्या प्रवासाला सहा तासांचं ऐकणं घेतलंत तरी साडेतीनशे एमबीच्या आत काम होतं. घरच्या वायफायवर ते काहीच नाही.

पण इथे खासगी फीडची एक खोड आहे, मोफत पॉडकास्टमध्ये ती क्वचितच दिसते. काही सेवांमध्ये फीडच नव्हे, आतल्या ऑडिओ फाइलचा पत्तासुद्धा काही वेळापुरताच चालतो. अ‍ॅपने काल वाचलेल्या फीडमधला पत्ता आज शिळा झालेला असतो. तुम्ही स्टेशनवर ‘डाउनलोड’ दाबता, ‘४०३’ येतो, आणि तुम्हाला वाटतं सदस्यत्व गेलं. गेलेलं नसतं. कार्यक्रमाचं पान बोटाने खाली ओढून फीड ताजी करून घ्या, मग उतरवा. आणि हे घरी करा, फलाटावर नको, कारण फलाटावर ताजी करायला गेलात आणि नेटवर्क अर्धवट असलं की दोन्हीकडून गेलात. उतरलेला भाग एकदा विमान मोडमध्ये पाच सेकंद वाजवून बघा. वाजला तर तो खरोखर फोनात आहे.

मच्छीमार कुटुंबांतूनही मला हाच प्रश्न येतो. १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की खलाशी बोटीवर जातात, किनाऱ्यापासून आत गेल्यावर फोनला काही मिळत नाही, चार-पाच दिवसांचं ऐकणं आधीच भरून न्यावं लागतं. त्यांना मी एक जास्तीचं सांगते: ‘ऐकून झाल्यावर पुसून टाक’ हा पर्याय बंद ठेवा. समुद्रात पुन्हा ऐकावंसं वाटलं तर परत उतरवणार कुठून.

सासूबाईंबद्दल. एकाच घरात दुसऱ्या फोनवर तीच लिंक लावायला तंत्राच्या बाजूने अडचण नाही, चालेल. कार्यक्रमवाल्यांच्या अटी एकदा वाचा. घरातल्या माणसांना बहुतेकांची हरकत नसते, आणि काही जण कुटुंबासाठी वेगळं सदस्यत्वही देतात. लावायला स्वतः बसा, त्यांना लिंक पाठवून ‘पेस्ट करा’ सांगू नका. त्या दाबतील आणि तेच भेंडोळं उघडून ‘ह्या काय?’ म्हणत फोन तुमच्यासमोर धरतील. अ‍ॅपमध्ये फक्त हा एकच कार्यक्रम ठेवा. अँटेनापॉडमध्ये अ‍ॅप उघडल्यावर कोणतं पान दिसावं ते ठरवता येतं, ते सरळ भागांच्या यादीवर ठेवा. वेगही कार्यक्रमागणिक बदलता येतो; भरभर बोलणारा निवेदक असेल तर ०.९ वर ठेवलेला वयस्कर कानांना मानवतो, आणि आवाज विचित्रही होत नाही. दोन्ही फोनांवरच्या खुणा मात्र वेगळ्या राहतात. तुम्ही अर्धा ऐकलेला भाग त्यांना पहिल्यापासून दिसेल, आणि तेच सोयीचं.

शिक्षकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. ते घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवून बाजाराला गेल्यासारखं होईल. हेतू चांगला आहे, कळतं मला. आवडलेली गोष्ट चार जणांना ऐकवावी असं वाटतंच. पण वर सांगितलं तसं, लिंक ज्याच्या हाती तो सर्व्हरला ‘तुम्ही’ दिसतो. ग्रुपमधल्या वीस जणांनी ती लावली की एकाच सदस्याच्या नावावर लांज्यातून, चिपळुणातून, मुंबईतून मागण्या येऊ लागतात. सेवा हे मोजतात. ठरावीक मर्यादेपुढे माळ आपोआप बंद होते, आणि मग तुमचाच कार्यक्रम थांबतो, मुलीला ईमेल जातो. शिवाय एकाने ती कुठल्या तरी ऑनलाइन पॉडकास्ट-प्लेयरमध्ये टाकली आणि ती सार्वजनिक यादीत चढली, तर ती परत बोलावता येत नाही. मराठीत वर्गणीवर चालणारे कार्यक्रम आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्या मागे माणसं दोन किंवा तीन. सहकाऱ्यांना मोफत भागाची लिंक पाठवा. आवडला तर त्यांचे ते सदस्य होतील.

नकळत लिंक बाहेर जाण्याच्या वाटाही आहेत, त्या माहीत असाव्यात. अ‍ॅपमधलं ‘शेअर’ बटण त्यातलं मुख्य. खासगी फीडमधल्या भागावर ते दाबून ऑडिओचा पत्ता पाठवलात तर त्या पत्त्यातही तुमची माळ असू शकते. म्हणून भाग सुचवायचा तर कार्यक्रमाच्या सार्वजनिक पानावरून सुचवा. दुसरी वाट ओपीएमएल फाइलची. अ‍ॅप बदलताना सगळ्या कार्यक्रमांची यादी एका फाइलमध्ये काढून नव्या अ‍ॅपमध्ये भरता येते; फार सोयीची गोष्ट आहे, फोन बदलताना जरूर वापरा. पण त्या फाइलमध्ये खासगी लिंक जशाच्या तशा लिहिलेल्या असतात. ‘माझी आवडती पॉडकास्ट’ म्हणून ती कुणाला पाठवायची नाही. तिसरी, मदत मागताना टाकलेला स्क्रीनशॉट. तुम्ही मला पाठवलेल्या चित्रात पत्त्याची अख्खी ओळ दिसत होती. मी ते चित्र पुसलं आहे, तुमच्या फोनमधूनही पुसा.

त्या निमित्ताने लिंक बदलूनच घ्या. मुलीच्या खात्यात, फीडच्या पानावर, ‘रीसेट’ किंवा ‘नवी लिंक तयार करा’ असं काहीतरी असेल. ते दाबलं की जुनी माळ त्या क्षणी मरते. मग तुमच्या अ‍ॅपमधला जुना कार्यक्रम काढून नवी लिंक जोडायची, सासूबाईंच्या फोनवरही. ऐकल्याच्या खुणा जातील, तेवढं सोसा. क्रम असा ठेवा: आधी पैशाचं, मग लिंक बदलणं, मग दोन्ही फोन. उलट केलंत तर बंद पडलेली नवी लिंक दोन्हीकडे लावून बसाल आणि दोष कुठे आहे तेच कळणार नाही.

एवढं करूनही अडलं तर कार्यक्रमवाल्यांना लिहा. ईमेलमध्ये चार गोष्टी हव्यात: पैसे कोणत्या ईमेलवरून भरले, फोन आणि अ‍ॅप कोणतं, पडद्यावर नेमका काय संदेश किंवा आकडा आला, आणि शेवटचा भाग कोणत्या तारखेचा दिसतो. पूर्ण लिंक पाठवू नका, तिची शेवटची चार अक्षरं पुरतात. त्यावरून आमच्याकडे खातं सापडतं. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर पहिलं उत्तर प्रश्नच येणार, आणि शनिवारी लिहिलंत तर तोही सोमवारी.